एक नंबरची मुंडी

वामन डिंगणकरांनी एकदा स्वतःलाच नोटीस बजावली होती. गंमत म्हणून नव्हे, अगदी रीतसर. नोटिशीचा मजकूर छापील असतो: आपल्या घरी केलेल्या तपासणीत साठवलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या आढळून आल्या आहेत, तरी सात दिवसांच्या आत वगैरे. घरमालकाच्या नावापुढे त्यांनी 'श्री. वा. ग. डिंगणकर' लिहिलं. तपासणी करणाऱ्याच्या नावापुढे तेच लिहिलं. पोच म्हणून सही घेतली, म्हणजे दिली. आणि सातव्या दिवशी खुलाशाचं पत्र ऑफिसात आणून माझ्या टेबलावर ठेवलं. तुळशीशेजारच्या कुंडीखालची ताटली उपडी करायची राहून गेली, पुन्हा असं होणार नाही, असा मजकूर होता. मी विचारलं, हे आवक करायचं की काय?

"आलंय ना, मॅडम? मग आवक," असं म्हणून ते निघून गेले. मी केलं आवक. अजून फाइलला आहे.

आमचं खातं डासांचं. लोक असंच म्हणतात आणि आम्हीही आता हरकत घेत नाही. ऑफिस रत्नागिरीत, एका जुन्या चिऱ्याच्या इमारतीत वरच्या मजल्यावर. मी तिथे एकवीस वर्षं कारकुनी करतेय. आवक-जावक, साठा, हजेरी आणि आलेल्या प्रत्येक साहेबांचं मराठी दुरुस्त करणं ही माझी कामं. डिंगणकर दारोदार हिंडणारे कर्मचारी. हौद, पिंपं, टाक्या, फ्रिजच्या मागचे ट्रे, अंगणातल्या करवंट्या, जिथे म्हणून पाणी साचतं तिथे वाकून बघायचं, अळ्या दिसल्या तर पाणी ओतायला लावायचं नाहीतर गप्पी मासे सोडायचे, आणि निघताना दाराशेजारच्या भिंतीवर खडूने तारीख टाकून सही करायची. मांडवीचा सगळा भाग त्यांच्याकडे. तिथे अशी घरं आहेत की भिंतीला नवा रंग देताना डिंगणकरांच्या तारखांपुरती जागा सोडतात. त्यांचं स्वतःचं घरही त्याच भागात येतं, म्हणून ती नोटीस.

आता पिंपात वाकून बघायचं तर भर दुपारीसुद्धा उजेड लागतो. त्यासाठी खात्याने प्रत्येकाला एक बॅटरी दिलेली आहे. प्लास्टिकची, दोन सेलची, दोनदा हातावर आपटली की पेटते. डिंगणकरांनी त्यांच्या वाट्याची बॅटरी कधी नेलीच नाही. ती माझ्या कपाटात खोक्यासकट पडून आहे. दर वर्षी साठा मोजताना मी आठवण करते आणि दर वर्षी ते म्हणतात की दिवाळीत कुणाला तरी खेळायला द्या.

त्यांच्याकडे स्वतःचा टॉर्च होता. ऑनलाइन मागवलेला, जाड काळ्या धातूचा. पहिल्यांदा टेबलावर ठेवला तेव्हा मला नळाचा तुटका तुकडा वाटला. मी म्हटलं, ही कसली बॅटरी? तर मला म्हणाले, "बॅटरी आत असते, मॅडम. बाहेर आहे तो टॉर्च." हे वाक्य मी त्यानंतर किमान शंभरदा ऐकलं असेल. आमचे शिपाई तर मुद्दाम विचारायचे, डिंगणकर, बॅटरी आणलीत काय? आणि ते न चिडता, न चुकता तेच सांगायचे. माणूस उंच, काटकुळा, चौपन्न वर्षांचा, लग्न केलं नाही, आणि समोरचा आपली मस्करी करतोय ही शंका त्यांच्या मनाला कधी शिवत नसे. मला अशा माणसांचा आधी राग येतो आणि मग स्वतःचाच राग येतो.

त्या टॉर्चची गंमत अशी की तो सगळा सुटा होता. पुढचा दिव्याचा भाग निघायचा, मधली नळी निघायची, मागचं बटणाचं टोपण निघायचं, आणि एकाच्या जागी दुसरं बसायचं. कंपनीने त्या भागांना काय नावं दिली असतील ती असोत, डिंगणकरांनी त्यांचं बारसं करून टाकलं होतं: मुंडी, धड आणि शेपूट. मांडवीचा माणूस, तो मासळीच्याच हिशेबाने बोलणार. जेवणाच्या सुट्टीत डबा संपला की टेबलावर वर्तमानपत्र पसरायचे आणि टॉर्च साफ करायला घ्यायचे, ते अगदी सुरमई साफ करतात तसं. आट्यांना एका छोट्या बाटलीतलं तेल लावायचे. शिवणाच्या मशीनचं तेल. मी विचारलं की हे कुठलं काढलंत, तर म्हणाले, घरचंच आहे.

कंपनीने दिला तसा त्यांनी तो एक दिवस ठेवला नाही. धड ओल्या हातातून सटकतं म्हणून त्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला. पिंपाच्या पाण्यावरून उजेड उलटा डोळ्यांत येतो म्हणून दह्याच्या डब्याचं झाकण कापून मुंडीवर बसवायची एक टोपी केली. शेपटीला लोहचुंबक बसवला, म्हणजे टाकीच्या शिडीला टॉर्च चिकटवून दोन्ही हात मोकळे राहतात. मनगटात अडकवायला जाळ्याच्या दोरीचा फास केला. आणि हे सगळं नेण्यासाठी कमरेला रेक्झिनचा चार खिशांचा पट्टा. प्रत्येक खिशावर रंगाने आकडा. एक, दोन, तीन, चार. प्रत्येक खिशात एकेक मुंडी. कारण सगळ्या मुंड्यांचा उजेड सारखा नसतो हा त्यांच्या आयुष्याचा शोध होता. एक निळसर असतो, एक पिवळा, एक हिरवट, आणि कंपनीकडून पुन्हा तीच वस्तू मागवली तरी पहिल्यासारखा रंग येईलच असं नाही. हे ते इतक्या दुःखाने सांगायचे की ऐकणाऱ्याला कुणीतरी गेल्यासारखं वाटावं.

त्या टॉर्चचा मजबूतपणा सगळ्या मांडवीला माहीत आहे तो विहिरीमुळे. वरच्या आळीत एका घरी विहिरीत मासे सोडताना फास मनगटातून निसटला आणि टॉर्च आत गेला. चिऱ्याची खोल विहीर, तळाशी दिवसाही अंधार. टॉर्च पाण्यात बुडाला आणि तळाशी जाऊन पेटलेलाच राहिला. मंद उजेडावर ठेवलेला होता म्हणून दोन दिवस पेटलेला. गप्पी मासे त्याच्याभोवती जमले. वरून बघणाऱ्याला तळाशी एक मऊ उजेड आणि त्यात काहीतरी हलतंय एवढंच दिसायचं. पहिल्या दिवशी आळीतली माणसं बघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी काठावर जास्वंद होती, दुपारी एक नारळ आला आणि घरातल्या आत्याबाईंनी चपला घालून पाणी काढायचं नाही असं फर्मान काढलं. डिंगणकर प्रत्येकाला सांगत होते की तो माझा टॉर्च आहे. कुणी ऐकेना. एका म्हाताऱ्याने तर त्यांनाच समजावलं की असं बोलू नये, बाबा.

तिसऱ्या दिवशी गळ टाकला. टॉर्च काही गळाला लागण्यासारखी वस्तू नाही, पण वर आली ती एक गंजकी लोखंडी बादली, कधीकाळी विहिरीत पडलेली, आणि तिच्या बुडाला शेपटीच्या चुंबकाने चिकटलेला टॉर्च. अजून जळत होता. बादली आमची म्हणून दोन घरं पुढे आली आणि त्यावरून जे बोलणं झालं ते अजून मिटलेलं नाही. डिंगणकरांनी मात्र टॉर्च सदऱ्याला पुसला, शेपूट काढून आत डोकावले आणि म्हणाले, "थेंब नाय आत." नारळाचं खोबरं ऑफिसात वाटलं. मीही खाल्लं.

इथपर्यंत कुणाचीच तक्रार नव्हती. तक्रार सुरू झाली ती काळ्या कापडावरून.

वर्षभरापूर्वी डिंगणकरांनी खिशात एक काळ्या कापडाची चिंधी बाळगायला सुरुवात केली. तिच्यावर काळ्याच दोऱ्याने एक वाकडी रेघ शिवलेली. घरातलं पाणी बघून झालं की ते घरातल्या वयस्कर बाईला बोलवायचे, चिंधी पुढे धरायचे, तिच्यावर टॉर्चचा उजेड टाकायचे आणि विचारायचे की शिवण कुठून कुठे गेलीय सांगा. मग मुंडी बदलायची. आता सांगा. पुन्हा बदलायची. आता? बाई जे सांगेल ते एका छोट्या वहीत लिहून घ्यायचे. पन्नाशीच्या आतल्या बायकांना विचारायचे नाहीत. कारण विचारलं तर एकच उत्तर, उजेडाची परीक्षा चाललीय.

मांडवीतल्या लोकांनी यावर बसून विचार केला आणि त्यांना कारण सापडलं. डिंगणकर लग्नाचं बघतायत. उशिरा का होईना, वयाला शोभेलशी, शिवणकाम येणारी आणि नजर शाबूत असलेली. दोन स्थळं तर माझ्या कानापर्यंत आली, त्यातल्या एका बाईंनी शिवण ओळखताना मुद्दाम नवं लुगडं नेसल्याचंही कळलं. डिंगणकरांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी वहीत लिहिलं होतं: 'पिवळट उजेडात चटकन दिसली. निळ्यात नाही.'

हे ऐकायला मजेचं, पण त्यात वेळ जायचा. दिवसाला जेवढी घरं व्हायला हवीत त्याच्या निम्मीही डिंगणकरांची होईनात. नवे साहेब आले होते, ते आकड्यांचे पक्के. माणूस वाईट नाही, पण रकाना रिकामा दिसला की त्यांना जेवण जात नाही. त्यांनी मला बोलावलं. मंडणगडकडे एक जागा रिकामी आहे, म्हणाले, आणि या माणसाला तिकडे पाठवावं असं मला वाटतंय. पण उगाच कुणावर अन्याय नको. तुम्ही एक दिवस त्यांच्याबरोबर फिरा, घरं कमी का होतात ते बघा आणि अहवाल द्या. मग ठरवू.

बदलीचं कळलं तेव्हा डिंगणकर माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. इतक्या वर्षांत या माणसाने रजा सोडून कशाचा अर्ज केला नव्हता. मला म्हणाले, "मॅडम, मांडवी सोडून मला जाता येणार नाय. पगार थांबवा, मेमो द्या, काय ते करा." मी विचारलं की का जाता येणार नाही. त्यांनी टॉर्चचं शेपूट एकदा उघडलं, एकदा लावलं आणि म्हणाले, आहे काम. मंडणगड काही परदेश नाही, एकटा जीव, कुठेही दोन भाकऱ्या मिळतील, असं मी म्हणाले. त्यांनी शेपूट आणखी एकदा आवळलं. चेहरा मात्र असा झाला की मी पुढचं बोलणं गिळलं.

तर गणपतीच्या पंधरा दिवस आधी मी छत्री घेऊन डिंगणकरांच्या मागे निघाले. पाऊस नव्हता, पण आभाळ असं भरलेलं की घराघरांत सकाळी दहालाच दिवे लागलेले. मनाशी ठरवलं होतं की आज खरं ते लिहायचं. मला या वयात उगाच मांडवीच्या आळ्या चढायला लावल्याबद्दल माझा राग होताच.

पहिल्या चार घरांतच दोन गोष्टी माझ्या लक्षात आल्या. एक म्हणजे, ते पाणी बघायला फार वेळ घेत होते. पिंपावर ओणवं व्हायचं, डोळे बारीक करायचे, टॉर्च इकडून धरायचा, तिकडून धरायचा. मुंडी दोन नंबरची होती आणि तिचा उजेड पांढराफट्ट. पाण्यावरून उलटा यायचा, खाली काही दिसेना. झाकणाची टोपी लावली तर उजेडच पुरेना. दुसरी गोष्ट, दोन नंबरची मुंडी टॉर्चवर होती, पण पट्ट्यातला एक नंबरचा खिसाही रिकामा होता.

मी विचारलं, एक नंबर कुठे? ते पिंपात वाकलेले होते. आतूनच उत्तर आलं, "कामावर आहे."

म्हटलं, कामावर तर तुम्ही आहात. पिंपातून फक्त टॉर्चचं बटण वाजलं.

मग मी तो पट्टाच नीट बघितला. तीन खिशांची शिलाई अशी सरळ की फूटपट्टीने आखल्यासारखी. चौथ्या खिशाची मात्र वेडीवाकडी, एका जागी टाका दोनदा पडलेला, एका जागी कापडाच्या बाहेरच गेलेला. पुढच्या घरी एक शिंपीणबाईच निघाल्या, त्यांनीही ते टिपलं आणि म्हणाल्या, द्या इकडे, उसवून दोन मिनिटांत नीट करून देते. डिंगणकरांनी पट्ट्यावर हात ठेवला आणि म्हणाले की नको, तो तसाच बरा आहे. मग खिशातून काळी चिंधी काढून त्यांनी त्या बाईंचीही परीक्षा घेतली. मी घड्याळ बघितलं. बारा मिनिटं गेली. ती मी लिहून ठेवली.

जेवणाच्या वेळेपर्यंत आमची अकरा घरं झाली होती. माझा अहवाल मनात जवळजवळ तयार झाला होता: सदर कर्मचारी वैयक्तिक छंदापायी शासकीय वेळ खर्च करतात. मला ते वाक्य आवडलंही होतं. एक नंबरची मुंडी चांगली आहे हे त्यांना माहीत आहे, ती असती तर काम भराभर झालं असतं हेही माहीत आहे, आणि ती घरी कुठेतरी जपून ठेवलीय, असं माझं अनुमान. आमच्याकडे लोक चांगले कप पाहुण्यांसाठी ठेवतात तशी.

बारावं घर त्यांचं स्वतःचं होतं. कौलारू, बुटकं, पुढे पडवी. दाराशी उभं राहून डिंगणकरांनी, स्वतःच्या घराच्या दाराशी उभं राहून, प्रत्येक घरी द्यायचे तीच हाक दिली की डासांच्या खात्याकडून आलोय, पाणी बघायचंय. आतून एका बाईचा आवाज आला, बघा हो. भिंतीवरच्या तारखा मी वाचल्या. एकही आठवडा चुकला नव्हता.

पडवीत मशीन होतं आणि मशीनवर आक्का बसली होती. डिंगणकरांची मोठी बहीण, सत्तरीची. आई-वडील लवकर गेले, हिने मशीनवर बसून भावाला वाढवलं आणि शिकवलं, एवढं मला ऑफिसात ऐकून माहीत होतं; ती अजून त्यांच्याबरोबरच राहते हे नव्हतं. भोवती गौरीच्या सणाच्या ब्लाउजांचा ढीग, लाल, हिरवे, मोरपंखी. आणि मशीनच्या सुईपाशी, लवचीक दांडीला बसवलेली, दह्याच्या डब्याच्या झाकणाची टोपी घातलेली, एक नंबरची मुंडी जळत होती. उजेड मऊ, किंचित पिवळसर, कुठे न टोचणारा. त्या उजेडात कापडाचा एकेक धागा दिसत होता. मला चष्म्याशिवाय दिसत होता.

डिंगणकर माझ्याकडे न बघता आक्काला म्हणाले की या आमच्या मॅडम, ऑफिसातून तपासणीला आल्यात. मग ते परसातली टाकी बघायला गेले. टाकीला दहा मिनिटं लागतील असं सांगून गेले, आणि लागली वीस.

आक्काने मशीन थांबवलं, मला खुर्ची दिली आणि मी बसायच्या आत मशीनच्या खणातून एक शंभर पानी वही काढून माझ्या हातात ठेवली. "घ्या, बघा. एक दिवस चुकलेला नाय."

वहीवर लिहिलं होतं: टॉर्च चाचणी. आत रोजची नोंद. सकाळी नऊ ते बारा, दुपारी दोन ते पाच. गरम होत नाही. डोळ्यांत जात नाही. लालवर लाल दिसलं. काळ्यावर काळं दिसलं. खाली सही, सुमन गणपत डिंगणकर. डिंगणकरांनी तिला सांगितलं होतं की हा दिवा खात्याचा आहे, दिवसभर चालवून कसा टिकतो ते बघायचंय, आणि ऑफिसला भरवशाचं माणूस हवंय म्हणून तुझं नाव दिलंय. मी पानं उलटत गेले. पहिली पानं दोन वर्षांपूर्वीची, अक्षर बारीक, सुबक. पुढे पुढे 'काळ्यावर काळं दिसलं'च्या जागी 'अंधुक दिसलं' येऊ लागलं. मग 'दिसलं नाही'.

तिच्या डोळ्यांचा पडदा खराब होत चाललाय; तपशील मला मागाहून कळला, पण अंदाज त्या पानांवरूनच आला. डॉक्टरांनी सांगितलं की ऑपरेशनने होण्यासारखं नाही, आहे ते जपा, आणि काम करताना उजेड नीट द्या. हे शेवटचं वाक्य डॉक्टर सगळ्यांनाच म्हणत असतील. डिंगणकरांनी ते हुकूम म्हणून घेतलं. दांडी त्यांनीच बसवली होती, रोज सकाळी कामावर जाण्याआधी मुंडी पुसून, तिच्यासाठी घेतलेलं दुसरं धड चार्ज करून, सुईवर नेमका उजेड पडेल अशी ती वळवून द्यायचे. तिच्या हाताने ते जमत नाही. आणि एक नंबरचा उजेडही आता पुरेनासा झालाय म्हणून दारोदार चिंधी घेऊन हिंडत होते, तिच्या वयाच्या बायकांच्या डोळ्यांवर पुढच्या मुंडीचा रंग शोधत. मंडणगडला काय अडचण होती ते मला तेव्हा कळलं, आणि सकाळपासून मनात घोळवलेल्या त्या सुरेख वाक्याची मला लाज वाटली.

मी वही मिटली. ऑफिसच्या आवाजात म्हटलं की काम उत्तम चाललंय, साहेबांना तसं कळवते.

आक्का हसली. परसाकडे एकदा बघितलं, टाकीचं झाकण वाजत होतं. मग माझ्याकडे झुकून हळू म्हणाली, "बाई, खात्याचं काय एक नाय ह्यात, ते मला पहिल्या दिवसापासून ठावूक आहे. मी सत्तर वर्षांची आहे, येडी नाय. पण त्याला वाटतं मला कळत नाय. तेवढं राहू दे. मला दिसत नाय म्हणून दिवा आणला असं तो बोलला असता, तर मी मशीन त्याच दिवशी बंद केलं असतं. ते त्याला बरोबर माहीत होतं."

एवढं बोलून तिने मशीन पुन्हा सुरू केलं. काळे ब्लाउज हल्ली घेत नाही, म्हणाली, ते गिऱ्हाईक खालच्या आळीला पाठवते, बाकीच्या रंगांना अजून हरकत नाही. चौथा खिसा आपणच शिवला आणि तो बिघडलाय हेही तिला ठाऊक होतं. उसवून देते म्हटलं तर देत नाही मेला, असं ती म्हणाली.

डिंगणकर टाकीवरून आले. अळ्या नव्हत्या. त्यांनी भिंतीवर तारीख टाकली, सही केली, घरमालक म्हणून कार्डावर सही केली आणि आम्ही तेराव्या घराकडे निघालो. वाटेत मी म्हटलं की एक नंबरचं काम व्यवस्थित चाललंय. त्यांनी पट्टा कमरेवर सारखा केला आणि म्हणाले, "तिला काय बोललात नाय ना?" मी नाही म्हटलं. आणि ते खरं होतं, बोलली ती.

अहवाल मी दुसऱ्या दिवशी सकाळी लिहिला. एकवीस वर्षांची कारकुनी त्या एका पानात ओतली. सदर कर्मचारी स्वतःच्या टॉर्चच्या विविध भागांची क्षेत्रीय चाचणी करीत असून त्यामुळे घरभेटींच्या संख्येत तात्पुरती घट दिसते. भाग क्रमांक एकची दीर्घ मुदतीची चाचणी मांडवी येथे स्थानिक चाचणीकर्त्या सुमन गणपत डिंगणकर यांच्याकडे सुरू असून त्यांच्या दैनंदिन नोंदी समाधानकारक आहेत. भाग रोज बसवून देण्यासाठी सदर कर्मचाऱ्याची उपस्थिती आवश्यक आहे. चाचणी चालू असताना बदली झाल्यास खंड पडेल. साहेबांनी ते दोनदा वाचलं. 'चाचणीकर्त्या'चं आडनाव तेच कसं, असं विचारतील म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. त्यांनी विचारलं नाही. समासात लिहिलं: 'चाचणी पूर्ण होईपर्यंत बदली स्थगित. मासिक नोंदी सादर कराव्यात. घरांची संख्या वाढवावी.'

घरांची संख्या वाढली. कारण चिंधीची परीक्षा आता डिंगणकर फक्त शनिवारी घेतात, आणि मांडवीतल्या त्या बाईंनी नवं लुगडं कपाटात ठेवून दिलंय असं कळतं. माझ्या डोळ्यांचीही परीक्षा झाली. मी पन्नाशीच्या पुढे गेले हे त्यांना कुणी सांगितलं ते मला अजून शोधायचंय. मला चार नंबर चांगला वाटला, तसं त्यांनी लिहून घेतलं.

मासिक नोंदी मात्र खरोखर येऊ लागल्या. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी डिंगणकर वहीची उतरवलेली पानं माझ्या टेबलावर ठेवतात. उतरवते आक्काच, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. ते उभे राहतात, मी आवक क्रमांक टाकते, ते क्रमांक लिहून घेतात, तिला दाखवायला. पानं मी त्यांच्या नोटिशीच्याच फाइलला लावते. मजकूर तोच असतो. लालवर लाल दिसलं. हिरव्यावर हिरवं दिसलं. गरम होत नाही. फक्त अक्षर दर महिन्याला थोडं मोठं होतंय. पहिल्या महिन्यात एका पानात पंधरा दिवस मावायचे. आता सात मावतात, आणि शेवटची ओळ रेघ सोडून खाली उतरते. डिंगणकरांनाही ते दिसत असणार. ते क्रमांक पुन्हा एकदा वाचतात, मी फाइलची दोरी बांधते.

गेल्या आठवड्यात मी साठ्याच्या मागणीपत्रात एक वही लिहिली. रुंद रेघांची, ठळक, बालवाडीत देतात तसली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, टॉर्च चाचणीसाठी. साहेब सही करता करता थांबले. आमच्या ऑफिसात रुंद रेघांची वही कधी लागली नव्हती. का लागते, म्हणाले.

मी म्हटलं, "चाचणी करणाऱ्यांचं अक्षर मोठं आहे, साहेब."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी फाइल मागून घेतली, मासिक नोंदी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकेक करून चाळल्या, आणि फाइल परत दिली. मागणीपत्रावर 'एक'च्या जागी 'दोन' केलं आणि सही केली.